न ऐकलेलं नाव

“काका, बटण का दाबलंत?”

काचेपलीकडून कान तपासणाऱ्या बाई विचारत होत्या. मी त्या कपाटाएवढ्या बंद खोलीत कानांवर हेडफोन चढवून बसलो होतो.

“आवाज आला म्हणून. तुम्हीच म्हणालात ना, आवाज आला की दाबा.”

“कसला आवाज?”

“बारीक. सूं करून. पाइपला सुईएवढं भोक असलं की येतो तसा.”

बाईंनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काका, मी अजून आवाज सोडलेलाच नाही.”

मी हसलो. एकतीस वर्षं पाणीखात्यात माझ्या कानांच्या भरवशावर खड्डे खणले गेलेत, आणि ही मला शिकवणार! रस्त्याखाली पाणी कुठे गळतंय ते वरून दिसत नाही. मी लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला टेकवतो, दुसरं कानाला लावतो आणि डोळे मिटतो. सूं मोठं होईल तिथे खडूने फुली मारायची. तिथे खणलं की पाणी. खात्यात माझं खरं नाव कुणाला ठाऊक नसेल, सगळे कानकाका म्हणतात.

पण त्या आठवड्यात माझ्या फुल्यांवर तीन खड्डे झाले होते आणि तिन्ही कोरडे होते. चार दिवस त्या भागात पाणी नव्हतं. लोक रिकाम्या बादल्या घेऊन खड्ड्याच्या कडेला उभे राहत, खड्ड्यात न बघता माझ्याकडे बघत. साहेब चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, “काका, एकदा कान दाखवून या.” हे त्यांना तीनदा म्हणावं लागलं, तेव्हा मला कळलं.

बाईंनी मला बाहेर बसवून समजावलं. “हा आवाज बाहेरचा नाही. कान थकले की स्वतःच वाजायला लागतात. अगदी शांततेतही.”

“कधीपासून असेल?”

“ते हळूहळू वाढतं. दहा-बारा वर्षंही झाली असतील. तुम्हाला कळलं नसेल.”

खरं पाणी जास्त मोठ्याने बोलायचं, म्हणून इतकी वर्षं निभावलं असणार. कान काय, सगळ्यांचेच म्हातारे होतात. मी उठून घरी जायला हवं होतं, पण मी बोटांवर वर्षं मोजत बसलो. दहा-बारा वर्षं. आमचा मुलगा घर सोडून गेला त्याला अकरा झाली होती.

तो माझ्याशी भांडून गेला. कशावरून, ते आता सांगण्यासारखंही नाही. तो म्हणाला, “जातो.” मी म्हणालो, “जा.” बस, एवढंच. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. बायकोने अन्न सोडलं. चौथ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गुडघे टेकले. प्रार्थनेला शब्द सुचेनात, म्हणून नुसता ऐकत राहिलो. आणि खूप आतून, खूप हळू ऐकू आलं: आहे. तो आहे. मी धावत जाऊन तिला सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग दोन घास जेवली.

त्या एका शब्दावर आमचं घर उभं होतं. आमच्या चर्चच्या मंडळीत वर्षाच्या शेवटच्या रविवारी पाळक सगळ्या सभासदांची यादी मोठ्याने वाचतात. ज्याने त्याने उभं राहून “आहे” म्हणायचं. कुणी आजारी असेल, परगावी असेल, तर घरच्यांनी त्याच्यासाठी उभं राहायचं. कुणीच उठलं नाही तर पाळक पेन्सिलीने नावावर रेघ मारतात. अकरा वर्षं मी माझ्या नावाला उठलो आणि लगेच मुलाच्या नावाला पुन्हा उठलो. सुरुवातीला लोक मागे वळून बघायचे. नंतर त्यांनी वळणं सोडलं, ते जास्त लागलं.

आणि तो रविवार आता दोनच दिवसांवर आला होता.

घरी पोचलो तेव्हा बायको दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. खड्ड्यांचं सांगितलं, बंद खोलीचं सांगितलं आणि शेवटी तेही सांगितलं.

“त्या दिवशी मला जे ऐकू आलं ना, ते... ते कदाचित कानच वाजला असेल.”

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. “म्हणजे तुम्ही खोटं बोललात?”

“खोटं नाही गं. मी ऐकलं. पण कुठून ऐकलं, ते आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.”

तिने चादर पुन्हा झटकली. अर्धी घडी घातली, मोडली, परत घातली. मग चढ्या आवाजात म्हणाली, म्हणून मला नीट ऐकू आलं. “ते पाणी सापडलं का शेवटी?”

“सापडलं. आज दुसऱ्या खात्याचं मशीन आणलं. पलीकडच्या गल्लीत होतं.”

“मग तुम्हाला सापडलं नाही म्हणून ते नव्हतंच, असं झालं का?”

“पाण्याचं वेगळं असतं. पाण्याची कुणीतरी तक्रार करतं, म्हणून आपण शोधतो.”

“माझी तक्रार रोज जाते,” ती म्हणाली. “वर.”

घड्यांचा ढीग उचलून ती आत गेली. शनिवारचा सगळा दिवस बोलली नाही. मला वाटलं, अकरा वर्षं जिच्या पोटात घास गेला तो माझ्या वाजणाऱ्या कानामुळे, तिच्याशी आता काय बोलायचं? मी मनाशी ठरवलं. प्रभूच्या घरात उभं राहून माहीत नसलेली गोष्ट माहीत आहे म्हणायची नाही. माझ्या नावाला उठेन. बस.

रविवारी आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो, डावीकडून चौथ्या. पाळकांचा आवाज मुळातच मऊ, त्यात माझ्या कानात ती सूं. नावं मला कळत नव्हती. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. माझ्या नावाला बायकोने कोपर मारलं. मी उठून “आहे” म्हणालो आणि बसलो.

मग पाळकांचे ओठ हलले आणि थांबले. त्यांनी चष्म्यावरून आमच्या बाकाकडे पाहिलं. मी मान खाली घातली. गुडघ्यांवरचे दोन्ही हात मी एकमेकांत अडकवले. कोपर आलं नाही. मी वाट पाहत होतो, तरी आलं नाही.

बाक हलला.

बायको उठत होती. तिचे गुडघे गेलेत. बसल्या जागेवरून उठायचं तर मला हात द्यावा लागतो. तिने पुढच्या बाकाची पाठ धरली, एकदा घसरली, परत धरली आणि उभी राहिली. अकरा वर्षांत ती या नावाला कधी उठली नव्हती. तिला काय ऐकू आलं होतं? काहीच नाही. तिला कधीच काही ऐकू आलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं, आणि मला माझीच लाज वाटली.

तिचे ओठ हलले. काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

मीही उठलो. तिच्या दंडाला हात दिला. पाळकांनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि पान उलटलं. पुढची नावं सुरू झाली असावीत, कारण लोक एकेक करून उठत होते, बसत होते. आम्ही दोघं उभेच होतो.