गुडघ्यापर्यंतची बाई

आमच्या खुटबावात केबल आली त्या वर्षी मी चौथीत होते. शाळेतून आले की दप्तर भिरकावून टीव्हीपुढे बसायचे, ते आई पाठीत धपाटा घालेपर्यंत. एक कार्टून मला भारी आवडायचं. त्यात एक लठ्ठ कुत्रा होता, एक चोरटा कावळा होता, आणि ज्या घरात हा सगळा धिंगाणा चालायचा ते घर एका बाईचं होतं. ही बाई कधी पूर्ण दिसायचीच नाही. हिरव्या सपाता, झग्याची कड, झाडूचं टोक आणि वरून कुठूनतरी येणारा ओरडा. कुत्र्याला खायला तीच घालायची, घराबाहेरही तीच हाकलायची, पण गुडघ्याच्या वर बाई नव्हतीच.

माझी आजी बयाबाई तांदूळ निवडता निवडता हे बघायची. एकदा तिनं विचारलं, "हर्षदा, ह्या बाईला त्वांड न्हाई का गं?"

मी म्हणाले, ती तुझ्यासारखीच आहे, नुसती ओरडते. आजीनं सूप आपटलं. आजोबा दारात तंबाखू मळत बसले होते. गेणबा त्यांचं नाव. आमचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. आजोबांची अर्धी हयात मेंढरांमागे पायी गेली होती, आणि कळप विकून शेतीला लागले तरी कुत्र्यांच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा असायचा. ते म्हणाले, "त्वांड हाय तिला. कुत्र्याला दिसत न्हाई म्हणून दावलं न्हाई. मेंढरामागचं कुत्रं धन्याचं पाय बघत चालतं, वर बघत न्हाई. ती बाई खाली बसली, तर दिसंल की."

"बायामाणसाला बसायला येळ हाय का," असं म्हणून आजी सूप घेऊन चुलीकडे गेली.

आमच्याकडेही कुत्रा होता, भुऱ्या. कळपाबरोबर शेवटची काही वर्षं हिंडलेला आणि आता पिकलेला. आजोबांच्या वहाणा जाड तळाच्या होत्या, चालताना करकर वाजायच्या. ती करकर जिकडे जाईल तिकडे भुऱ्या, मान खाली घालून, टाचेला नाक लावून. भाकरी मात्र आजीच घालायची. घालायची म्हणजे उंबऱ्यातून फेकायची, वर शिव्यांची फोडणी. खातं माझं आणि शेपूट हलवतं तुमच्यापुढं, हे ती आजोबांना रोज ऐकवायची. आमच्या घरात माया करायची ती ओरडूनच. कुणी गोड बोललं की समजावं, काहीतरी बिनसलंय.

त्या उन्हाळ्यात आजोबा गेले. शेतातून आले, दारात वहाणा काढल्या, पाणी मागितलं, आणि आजी तांब्या भरून आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

आजी रडली नाही. भावकीतल्या बाया म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर आत साचून राहील. त्यांनी आजोबांच्या आठवणी काढून पाहिल्या, गळ्यात पडून पाहिलं. आजी त्यांनाच पाणी देत राहिली. भुऱ्यानं मात्र दारातल्या वहाणांवर हनुवटी टेकली ती उचललीच नाही. भाकरी फेकली तर तिच्याकडे बघायचा नाही. वहाणांना खेटून ठेवली तर दोन घास खायचा.

तेराव्याला आमच्याकडे भाच्याला छत्री, टोपी आणि वहाणा देतात. इथं दिलेली वहाण तिकडे गेलेल्याच्या पायात जाते, कारण ती वाट काट्यांची असते म्हणतात. माझे वडील बाळासो यांनी त्यासाठी नवाकोरा जोड आणला होता. आजी ऐनवेळी अडून बसली. नवी वहाण चावते, त्यांना लांब जायचंय, त्यांचीच द्या, म्हणाली. जाणत्यांनी सांगून पाहिलं की दान जुन्याचं करत नाहीत. पण आजी एकदा हटून बसली की तिच्यापुढे कुणाचं काय चालणार? तिनं त्या जुन्या वहाणांना स्वतः तेल चोळलं आणि आजोबांचे भाचे, भांडगावचे हनुमंतकाका, यांच्या पायांपुढे नेऊन ठेवल्या. काका त्या घालून सायकलवर बसले आणि गेले.

संध्याकाळी आजीनं उंबऱ्यातून भाकरी फेकली, तेव्हा अंगणात कुणीच नव्हतं.

वडिलांनी कॅनॉलची कड आणि उसाचे फड पालथे घातले. परत येऊन म्हणाले, म्हातारं कुत्रं होतं, मरायला गेलं असेल कुठंतरी, आपण पिल्लू आणू. आजी ताटावरून उठली.

"ह्या घरात त्यांची वाट बघणारं अजून एक व्हतं," ती म्हणाली. "आता मी एकलीनंच बघायची का?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आजी दिवसभर पुनःपुन्हा दाराकडे का बघते, आणि मला तिची भीती वाटली.

मग किराणा दुकानात हनुमंतकाकांचा फोन आला. कुत्रं त्यांच्याकडे होतं. सायकलच्या मागे भांडगावपर्यंत गेलं होतं आणि तेव्हापासून वहाणांपाशी पडून होतं, अन्नाला शिवत नव्हतं. या आणि घेऊन जा, नाहीतर हे जगत नाही, असं काकांनी कळवलं. आजीनं भाकरी फडक्यात बांधली, मला बरोबर घेतलं आणि वडापच्या जीपमध्ये जाऊन बसली.

भुऱ्या काकांच्या पडवीत होता, बरगड्या वर आलेल्या, हनुवटी वहाणांवर. आजीनं हाक मारली. त्यानं नुसता कान हलवला. तिनं नेहमीसारखी शिवी घातली, तर कानही पाडले. आजीचा चेहरा उतरला. इतकी वर्षं रोज भाकरी घालून त्या कुत्र्यासाठी ती वरून येणारा एक ओरडाच राहिली होती.

काका म्हणाले, "मामी, वहाणा घेऊन जा. त्या गेल्या की येतंय बघा मागं. माझं काय न्हाई."

आजीनं वहाणांकडे बघितलं. हात पुढे केला, तो मला दिसला. मग तिनं तो पदरात ओढून घेतला.

"दिलेलं परत घीऊ? आन् त्यांनी अनवाणी चालायचं तिकडं?"

वहाणा नेल्या तर आजोबांच्या पायात काटे, ठेवल्या तर कुत्रं मरणार. काकूंनी खुर्ची आणली. आजी खुर्चीकडे बघत उभी राहिली. मग तिनं खुर्ची बाजूला सारली, गुडघे धरले आणि कण्हत कण्हत खाली फरशीवर बसली. त्यानंही भागेना, म्हणून एका हातावर भार देऊन वाकली, पार भुऱ्याच्या तोंडासमोर तोंड येईपर्यंत.

"भुऱ्या," ती म्हणाली, आणि तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "ते न्हाईत रं आता. मी हाय. मला बघ."

तिथंच तिचा बांध फुटला. इतके दिवस बायांनी केलेली खटपट वाया गेली होती, आणि आता ती दुसऱ्याच्या पडवीत, एका कुत्र्यापुढे, मोठ्यानं रडत होती. काकू तिला धरायला निघाल्या, काकांनी त्यांना थांबवलं. भुऱ्यानं डोळे वर केले. बराच वेळ बघितलं. मग हनुवटी वहाणांवरून उचलली, सरपटत जवळ आला आणि आजीच्या गालावरचं पाणी चाटू लागला. आजीनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा हातात धरला. त्यानं तो हातातून घेतला.

निघताना आजीनं वहाणांना हात लावून तो कपाळाला लावला. वहाणा तिथंच राहिल्या.

जीपवाला कुत्र्याला घेईना, म्हणून आम्ही चालतच खुटबावला निघालो. मला वाटलं होतं भुऱ्या आजीच्या टाचांमागून येईल, जसा आजोबांच्या मागे यायचा. तो आमच्या पुढे चालत होता. थोडं जायचा, थांबायचा, मागे वळायचा आणि मान वर करून आजीच्या तोंडाकडे बघायचा. ती दिसली की पुन्हा चालू लागायचा.

दर वेळी आजी म्हणत होती, "हाय रं, हाय."