यादीतलं विसावं नाव

यशोधनला संघाचा मॅनेजर कुणी केलं, देव जाणे. सॉफ्टवेअरमधला माणूस, कामात तल्लख, पण कुणाला तोंडावर काही कडू सांगायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. अशा माणसाच्या हातात जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या बेसबॉल संघाची यादी, आणि तीही संघ वरच्या लीगच्या उंबरठ्यावर असताना!

घोडं अडलं होतं ते असं. तीन सामने उरले होते. तिन्ही जिंकले तर बारा वर्षांत पहिल्यांदा वर चढायचं. आणि नेमका गेल्या रविवारी त्यांच्या पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या हुकमी गड्याचा, खांदा गेला. माइन्झच्या एका बंद पडलेल्या क्लबातला लुकास यायला एका पायावर तयार होता. पण यादीत वीसच नावं चालतात. नवा घ्यायचा तर एक जुना काढायचा, निघणाऱ्याने आबमेल्डुंगच्या, म्हणजे नाव काढून घेण्याच्या, कागदावर स्वतः सही करायची, आणि तो कागद एकतीस जुलैला संध्याकाळी सहाच्या आत लीगला मेल करायचा. सहा म्हणजे सहा. एक मिनिट उशिरा आलेला कागद तिथे कुणी उघडूनही बघत नाही.

काढायचं कुणाला, यात वादच नव्हता. विसावं नाव नागेशदादाचं. वय सत्तेचाळीस, अख्ख्या मोसमात एकही धड फटका नाही, नुसता बाकावर बसून. पण यशोधन नऊ वर्षांपूर्वी जर्मनीत आला तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना, म्हणून याच नागेशदादाने त्याला चार महिने घरी ठेवून घेतलं होतं. हातात पहिल्यांदा बॅट दिली तीही त्यानेच. आता त्यालाच कुठल्या तोंडाने सांगायचं, की दादा, तुम्ही निघा? कॅप्टन जेन्सचं म्हणणं होतं की फोन कर, दोन मिनिटांचं काम आहे. यशोधनने ऐटीत सांगितलं, असं फोनवर बरं दिसत नाही, मी घरी जाऊन बोलतो. मग सोमवारचा बुधवार झाला, बुधवारचा शुक्रवार, आणि एकतीस तारीख येऊन उभी राहिली.

चार वाजता कागद सॅकमध्ये घालून तो नागेशदादाकडे पोचला. दारातच विषय काढून मोकळं व्हावं की नाही? पण मालिनीवहिनींनी पोहे आणले, आणि खाता खाता असलं कसं बोलणार! मग चहा आला. चहाबरोबर पुण्याच्या फ्लॅटच्या पार्किंगचं भांडण आलं, मुलीची आबिटूअरची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा आली. नागेशदादाचंही आज काहीतरी बिनसलेलं होतं. दोनदा त्याने "यशो, अरे" म्हणून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा गाडी "अजून पोहे घे"वर आणून थांबवली. सव्वापाचला खिशात फोन थरथरला. जेन्स. पाच वीसला पुन्हा जेन्स, साडेपाचला लुकास. यशोधनने मनातल्या मनात स्वतःला चार सणसणीत शिव्या घातल्या, सॅकची चेन उघडली आणि बाहेर काढली काय, तर पाण्याची बाटली. ती आपल्याच डोक्यात हाणावी असं त्याला वाटलं.

बाकीचा वेळ त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढला. सहा वाजून दोन मिनिटांनी तो उठला. सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि स्वतःची किळसही येत होती.

पॅसेजमध्ये तो बूट घालत होता, तेवढ्यात मालिनीवहिनी चिवड्याचा डबा घेऊन आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, गुडघ्याचं सांगितलंत ना त्याला?"

नागेशदादा फरशीकडे बघायला लागला. मग वहिनींनीच सगळं सांगितलं. येत्या बारा तारखेला गुडघ्याचं ऑपरेशन होतं, डॉक्टरने खेळणं कायमचं बंद केलं होतं. आठवडाभर यांचा एकच घोष, की यादीतून नाव काढून घ्यायला हवं, पण यशोने एवढ्या मानाने ठेवलंय, संघ ऐन रंगात असताना पोराला तोंडघशी कसं पाडायचं?

"तू असा चेहरा पाडून आलास," नागेशदादा म्हणाला, "मला वाटलं, पिचर गेलाय, आता तू मला मैदानात उतरायची गळ घालणार. मग माझी जीभच उचलेना. सही लागते ना रे त्याला? आण, आत्ता करतो."

यशोधनने कागद काढला. नागेशदादाने तो भिंतीला टेकवून नीट, पूर्ण नावानिशी सही केली आणि तारीख घातली. वहिनींनी दोघांकडे बघून कपाळावर हात मारला. सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

जिना उतरताना फोन पुन्हा वाजला. या वेळी त्याने उचलला. जेन्सने एवढंच विचारलं, की सही द्यायला तो नाही म्हणाला का?

"नाही," यशोधन म्हणाला. "मी विचारलंच नाही."