पालथी घातलेली पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नाही, दुकानावरचीही नाही. माझ्या अंगावर लाल रंगात दोनच शब्द आहेत, 'वाट बंद'. मला पाहून आजवर एकाही माणसाला आनंद झालेला नाही. सायकलवरून शीळ घालत आलेला माणूस मला बघून ब्रेक दाबतो, कपाळाला आठ्या घालतो आणि जणू पाऊस मीच पाडला अशा नजरेनं माझ्याकडे बघत राहतो. मला आता त्याची सवय झाली आहे.

तळ्याकाठच्या उद्यानातल्या या झाडीत सायकलींसाठी तीन वाटा आहेत. पहिली सपाट. ती लहान मुलांसाठी आणि त्यांच्यामागे धापा टाकत पळणाऱ्या आजोबांसाठी. दुसरी मुळांची. तिच्यावर झाडांची मुळं अशी आडवीतिडवी पसरली आहेत की हाडं खिळखिळी होतात, आणि लोक त्यालाच मजा म्हणतात. तिसरी तळ्याची वाट. ती टेकडीवरून नागमोडी उतरत पाण्याच्या अगदी जवळ येते, तिथं एक लांबलचक वळण घेते आणि पुन्हा झाडीत चढते. लांबून लोक येतात ते हिच्यासाठी. पाऊस पडून गेला की मी तिच्या तोंडाशी दोन खांबांमधल्या साखळीला लटकते. एरवी माझा मुक्काम फाटकाजवळच्या सायकल दुकानात, खिळ्यावर असतो.

त्या दुकानाचा मालक मेकॅनिक आहे. सायकली दुरुस्त करतो, भाड्यानंही देतो. एका मोडक्या लाकडी पुलाची फळी त्यानं आणली, तिला रंधा मारला, भोकं पाडली, आणि झाले मी. काम सांगितलं होतं त्याच्या धाकट्या बहिणीनं. ती या वाटांची राखण करते. पाण्याला चर काढणं, पडलेली फांदी हटवणं, वाहून गेलेली माती परत भरणं, सगळं तिच्याकडे. मेकॅनिकची मुलगी तिला आत्या म्हणते, म्हणून सगळे सायकलवाले आत्याच म्हणतात. त्यातले काही तिच्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत, पण तिच्यासमोर ते बोलणार कोण?

"अक्षरं ठळक काढ, दादा. नंतर कुणी दिसलीच नाही म्हणायला नको," ती म्हणाली होती.

"तुझा आवाज असताना पाटी कशाला हवी?" म्हणत त्यानं रंगाचा दुसरा हात मारला.

पावसानंतर आत्या रोज सकाळी तळ्याच्या वळणावर जायची आणि माती मुठीत दाबून बघायची. मातीचा गोळा झाला तर मी खांबावर, भुगा झाला तर मी खिळ्यावर. ओल्या मातीत टायर रुतला की चर पडतो, त्या चरातून पाणी धावतं, आणि पाण्याबरोबर वाटही जाते. हे ती येणाऱ्या प्रत्येकाला न कंटाळता सांगायची. लोक ऐकायचे. एखादा दीडशहाणा खांबाच्या बाजूनं सायकल दामटायचा, पण आत्यानं एकदा त्याला हाक मारली की पुढच्या वेळी तो लांबूनच उतरायचा.

त्या वर्षी पावसानं ठाण मांडलं. सलग तीन रविवार मी खांबावर होते. मेकॅनिक दुकानात बसून धुतलेल्याच सायकली पुन्हा पुन्हा पुसत होता. चौथ्या रविवारी लख्ख ऊन पडलं. आत्यानं पहाटेच मला टांगलं आणि पडलेलं एक झाड कापायला ती टेकडीपलीकडे गेली. ती दिसेनाशी होते न होते तोच लांबच्या शहरातून तीसेक जणांचा गट येऊन थडकला. चहा झाला, हवा भरून झाली, आणि मग त्यांचा पुढारी मेकॅनिकच्या मागे लागला.

"इतक्या लांबून आलोय हो. आता काय तळं बघून परत जायचं?"

मेकॅनिक माझ्याजवळ आला. त्यानं बुटाच्या टाचेनं माती दाबली, आजूबाजूला पाहिलं. "वरून तर सुकलंय," असं स्वतःशीच पुटपुटला आणि साखळीसकट मला काढून त्यानं गवतात पालथं घातलं.

मला काही दिसत नव्हतं. फक्त टायर ऐकू येत होते, एकामागून एक. जिनं मला करून घेतलं तिच्याच वळणावर ते निघाले होते आणि मी तोंड खाली करून पडले होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. दुपारी त्यानं मला पुसलं, पुन्हा टांगलं, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

सोमवारी पाऊस आला. मंगळवारी ते लांब वळण खचून तळ्यात गेलं.

आत्या गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून वर आली, वाटेच्या तोंडाशी तिनं एक ओंडका आडवा टाकला आणि मला खिळ्यावर नेऊन अडकवलं. टायरचे चर पाहून तिचा समज झाला की लोकांनी पाटी असतानाच सायकली घातल्या. पुढच्या रविवारी तिनं दुकानासमोर सगळ्यांची हजेरी घेतली. नेहमी येणाऱ्यांत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मागच्या रविवारी त्याही त्या शहरातल्या गटामागून गेल्या होत्या, आणि तसं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"पण पाटी नव्हती, आत्या. असती तर मी गेले असते का?"

"पहाटे मी माझ्या हातानं लावली. संध्याकाळी होती तिथंच होती. मधल्या वेळात काय तळ्यावर फिरायला गेली होती?"

लोक हसले. बाईंनी हेल्मेट काढलं, हँडलला अडकवलं आणि सायकल हातात धरून त्या चालत निघून गेल्या. मेकॅनिक दुकानात पंक्चर काढत होता. त्यानं मान वर केली नाही, एकाच जागी ट्यूब घासत राहिला. मी त्याच्या डोक्यावरच खिळ्याला होते. मला तोंड असतं तर!

चार दिवसांनी उद्यानाच्या अधिकारी मॅडम आल्या. खाली जाऊन त्यांनी वळण पाहिलं, गढूळ पाणी पाहिलं आणि दुकानाच्या बाकावर बसून फाइलमधून एक पत्र काढलं.

"तळ्याची वाट कायमची बंद करावी लागेल. माती घसरते याचं मला एवढं नाही वाटत, ती परत भरता येते. पण लोक पाटीलाच जुमानत नसतील तर मी कुणाच्या भरवशावर वाट चालू ठेवू?"

आत्याचा आवाज एरवी टेकडीपलीकडे जातो. त्या दिवशी ती हळूच म्हणाली, "दोन हिवाळे खपून काढलंय मी ते वळण."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा, मॅडम." मेकॅनिकच्या हातात अजून पाना होता. "लोकांनी पाटी धुडकावली नाही. पाटी मी काढली होती. नंतर परत लावली."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. "आणि मी त्या बाईंना सगळ्यांसमोर बोलत होते, तेव्हा तू इथंच बसला होतास."

"हो."

"आणि गप्प राहिलास."

"हो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पाटी असते तेव्हा लोक थांबतात. ठीक आहे. वळण वर सरकवा, नीट बांधा. पुढचा एक पावसाळा बघते. पाटी असताना एकाही टायरची खूण दिसली तर हे पत्र निघेल. पाटीची जबाबदारी कुणाची?"

आत्यानं मला खिळ्यावरून उतरवलं आणि भावाच्या हातात दिलं. "याची."

"माझी?" मेकॅनिक चक्रावला. "माझ्यावर भरवसा ठेवतेस?"

"भरवसा गेला खड्ड्यात. पाटी लागली की ज्याचं दुकान ओस पडतं त्यानंच ती लावायची. मग दुसरा कोण काढायला येतोय बघू."

ती त्याच संध्याकाळी बाईंच्या घरी गेली आणि माफी मागून आली. त्यानंतरच्या रविवारी बाई फावडं घेऊन हजर झाल्या, आणि त्यांच्या मागून आणखी अकरा जण. पाऊस सरल्यावर हिवाळा आणि उन्हाळाभर काम चाललं. वळण पाण्यापासून वीस पावलं वर गेलं, उताराला दगड बसले, पाण्याला बाजूनं जागा मिळाली. मेकॅनिक दुकान बंद करून रोज दगडांची हातगाडी ओढायचा. आत्या त्याला 'इकडं' आणि 'तिकडं' एवढंच सांगायची. एका घरात राहून दोघांमध्ये निरोप मेकॅनिकच्या बायकोच्या, म्हणजे वहिनीच्या तोंडून जायचे. वहिनी वैतागून म्हणायची, "मी काय पोस्टमन आहे?"

पावसाळा आला. मेकॅनिक रोज सकाळी स्वतः वळणावर जाऊन माती मुठीत घ्यायचा आणि आजारी माणसाचा चेहरा करून मला टांगायचा. असे कितीतरी दिवस गेले. मग एका रविवारी ऊन पडलं, आत्या करवत घेऊन टेकडीपलीकडे गेली, आणि फाटकात तोच लांबच्या शहराचा गट उभा राहिला.

मेकॅनिक दुकानातून बाहेर आला, माझ्याशेजारी उभा राहिला.

"मागच्या वेळी मी तुम्हाला सोडलं आणि ते वळण तळ्यात गेलं. चूक माझी होती. आज वाट बंद आहे. मुळांच्या वाटेवर जा, नाहीतर पुढच्या रविवारी या."

पुढारी कुरकुरला. दोघंतिघं काहीबाही बोलले. पण कुणीही खांबाच्या बाजूनं गेलं नाही. निम्मे मुळांच्या वाटेला लागले, उरलेल्यांनी चहाही न घेता सायकली गाडीवर चढवल्या. दुकान रिकामं झालं. मेकॅनिक तिथंच उभा होता.

तेवढ्यात आत्या आली. वरून तिनं फाटकातली गर्दी पाहिली असावी, कारण ती पळत आली होती. करवत खांद्यावर, श्वास फुललेला, चेहऱ्यावर शिंतोडे. तिनं मला साखळीवर पाहिलं. मग रिकाम्या दुकानाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"दादा," ती म्हणाली, "वहिनीनं डबा दोघांचा दिलाय. ये, बस."

ते दोघं माझ्या खांबाला टेकून जेवले. वहिनीचं पोस्टाचं काम त्या दिवसापासून सुटलं.

पावसाळा संपल्यावर मॅडम नवं वळण चालून आल्या. एकही खूण नव्हती. ते पत्र त्यांनी मेकॅनिकच्या बाकावरच फाडलं आणि तुकडे स्वतःच्या पर्समध्ये ठेवले, कारण आत्या समोर उभी होती आणि झाडीत कागद टाकायची कुणाची छाती नाही.

आता माझा रंग उडाला आहे, एक कोपरा झिजला आहे. मी दुकानात खिळ्यावर आहे आणि बाहेरून टायर जाताना ऐकते आहे. हे माझे सुखाचे दिवस. कधी तुम्ही इकडं आलात आणि मी तुम्हाला खांबावर दिसले, तर माझा राग करा, चालेल; फक्त बाजूनं जाऊ नका. कुणीतरी आपलं दुकान रिकामं ठेवून मला तिथं लावलेलं असतं.

या आठवड्यात पाऊस नाही, असं मेकॅनिक म्हणतो. तळ्याची वाट उघडी आहे. या तुम्ही.