आईच्या डोळ्यांपुरता उजेड

काडी ओढल्याचा आवाज, पाठोपाठ गंधकाचा उग्र दर्प, आणि त्यामागून हळूहळू उजळत जाणारा आईचा चेहरा: गडमुडशिंगीच्या आमच्या घरातली पौर्णिमेची तिन्हीसांज मला या क्रमाने आठवते. पांढरे पातळ नेसून ती तथागतांच्या तसबिरीपुढे बसे, निळ्या भिंतीवर तिची सावली मोठी होऊन डोले, आणि त्रिसरणाच्या पाली शब्दांना ती असा खणखणीत कोल्हापुरी हेल देई की शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा कान टवकारी. दिवसभर लोकांच्या शेतात भांगलण करणारी ही बाई तेवढ्या वेळात कुणाचीच मजूर नसे. फोटो काढायचा तर तेव्हाचाच काढ, असे तिने मला बजावून ठेवले होते.

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षे. मी कोल्हापुरात मास्तरकी करत होतो, शिवाजी पेठेत खोली घेऊन राहत होतो, आणि हौसेने घेतलेला नवशिक्याचा रोलचा कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडत होतो. दिवसाउजेडी तो मोठा गुणी होता. दिवेलागणीला मात्र त्याचा जीव गुदमरे. मेणबत्तीच्या प्रकाशात शटर रेंगाळायचे, आणि आई तर वंदना म्हणताना डोलणारी. रोल धुऊन आला की चेहऱ्याच्या जागी नुसता सोनेरी धूर. मित्र म्हणत, वा, काय काव्य आहे, आणि मलाही ते सुखावत असे. कॅमेऱ्यावर बसवायचा वेगळा फ्लॅश घेतल्याखेरीज गत्यंतर नाही, हे कळत होते पण वळत नव्हते.

अशात डॉक्टरांनी आईला काचबिंदू असल्याचे सांगितले. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली कडेकडेने आकसत जाईल; थेंब घालून जितकी टिकेल तितकी टिकवायची. दवाखान्याची पायरी चाचपडत उतरताना आई म्हणाली, "माझं मला एकदा बघायचं हाय बाबा. वंदनेला बसल्यावर मी कशी दिसतो, कधी बघितलंच न्हाय." त्या दिवसापासून माझे चित्त थाऱ्यावर राहिले नाही.

शाळा सुटली की पाय आपसूक कॅमेऱ्याच्या दुकानाकडे वळत. काचेच्या कपाटातला तो काळा ठोकळा मी हातात घेई, त्याचे तोंड वर-खाली फिरवून बघे, आणि परत ठेवून देई. घ्यावा, तर तो कर्कश पांढरा झोत आईच्या दुखऱ्या डोळ्यांवर मारायचा? मेणबत्तीने कमावलेली संध्याकाळ एका क्षणात फटफटीत करून टाकायची? न घ्यावा, तर तिची नजर काही माझ्या निर्णयासाठी खोळंबून राहणार नव्हती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शेवटी दुकानदारच कावला. "पावणं, घ्यायचा असंल तर घ्या की. नुसतं बघून उजेड पडत न्हाय." मी चरफडत रंकाळ्यावर जाऊन बसलो. पाण्यावरून मावळतीचा प्रकाश काठाकाठाने मागे सरकत होता, आणि मला दुकानदारापेक्षा स्वतःचाच जास्त राग येत होता.

पुढच्या रविवारी, जुन्या फोटोंतला माझा सर्वांत लाडका फोटो मोठा करून मी आईच्या हाती दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, दारात जाऊन उन्हाला तिरका केला. "काळंच हाय की सगळं," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, पण मला कानफटात बसल्यासारखे झाले. ज्याला मी काव्य म्हणत होतो ते माझ्या धडधाकट डोळ्यांचे लाड होते. त्या अंधारातून स्वतःचा चेहरा वेचून काढणे तिला जमणार नव्हते. सोमवारी मी फ्लॅश घेतला.

एकदा चमकल्याने काही अपाय होत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले तरी माझा हात कॅमेऱ्यावर अडखळतच होता. पौर्णिमेला वंदनेला बसता बसता आईच म्हणाली, "मार की. उन्हात जल्म गेला, एवढ्याला काय भ्यायचं." फट्कन उजेड पडला, निळ्या भिंतीचे पोपडे उघडे पडले, आणि वंदना एका शब्दानेही चुकली नाही.

हाती आलेला फोटो मला मुळीच आवडला नाही. सुरकुत्या, भुवईवरचा व्रण, ओठांच्या कडा, सगळे कसे निष्ठुर स्पष्ट. आईने मात्र तो दारातल्या उजेडात धरला आणि आपल्या उरलेल्या नजरेपुढून, नळीतून बघावे तसा, हळूहळू सरकवला. आधी हनुवटी, मग गाल, मग डोळे. कितीतरी दिवसांत तिने स्वतःला आरशात धड पाहिले नव्हते. मग फोटोवरून अंगठा फिरवत हळूच म्हणाली, "आमच्या आईचा फोटू तुला कुठं गावला रं?"

तिच्या आईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. मी म्हणालो, "आई, ती तूच हाईस."

"आसंल," ती म्हणाली. "पण तीबी हाय की."

आता आईही नाही. काळ माणसे एकेक करून नेतो, आणि परत द्यायची झाली तर कुणाच्या तरी चेहऱ्यात घालून देतो. हल्ली सकाळी दाढी झाल्यावरही मी आरशापुढे थोडा वेळ थांबतो.