शेळ्यांचा ओटा

माझी बायको पहाटे गेली. छातीत कफ धरला होता, आणि तिच्या फासळ्या नीट हलायच्या कधीच्याच बंद झाल्या होत्या. सकाळी गावाला कळलं आणि दुपार व्हायच्या आत गावाने तिला संत करून टाकलं.

अंगणात माणसं बसली होती. दूध डेअरीचा चेअरमन, ज्याला चार माणसं दिसली की भाषण सुटतं, तो म्हणाला, "काय बाई होती! कधी मान वर करून कुणाकडे बघितलं नाही."

मान वर होतच नव्हती. मणके एकमेकांना चिकटले होते. आभाळ बघायचं झालं तर तिला खाटेवर आडवं व्हावं लागायचं.

"आणि सोशिक किती," शेजारची वहिनी म्हणाली. "तोंडातून एक शब्द नाही काढला कधी." हे बोलताना ती दारात उभ्या असलेल्या आपल्या सुनेकडे बघत होती. "शिका जरा."

हीच वहिनी पूर्वी हिच्याबद्दल म्हणायची, "सकाळी उठवत नाही, संध्याकाळी बरी तुरुतुरु चालते. कामं सकाळी असतात ना!" आजारच तसा होता. रात्रभर पडून राहिलं की पाठीचं लाकूड व्हायचं, हालचाल केली की सुटायचं. पण गावाला आजारी माणूस झोपलेला लागतो. उठून कामाला लागलेला आजारी माणूस गावाला पटत नाही.

बाजारच्या गावातला डॉक्टर आधी म्हणाला, "पाठीत काही नाही, मनाचं आहे." मग मोठ्या दवाखान्यात पाठीचं निदान झालं. पुढे ही भिंतीकडे तोंड करून बसायला लागली, जेवण टाकलं, तेव्हा तोच डॉक्टर म्हणाला, "मनाचं काही नाही, पाठीचं आहे."

शेवटी हीच म्हणाली, "अहो, मला मनाच्या डॉक्टरकडे न्या. मी विहिरीकडे बघायला लागलेय."

मनाच्या डॉक्टरीणबाई बाजारच्या गावात गुरुवारी बसतात. त्यांनी दोन्ही दुखणी खरी मानली. गोळ्या दिल्या, तिच्याशी बोलत बसल्या, आणि आवडीचं काम सोडू नका म्हणाल्या. हिला शेळ्यांची धार काढायला आवडायचं, पण वाकता येईना. म्हणून मी विटांचा ओटा बांधला. शेळी ओट्यावर, ही उभ्याने धार काढणार. सगळं गाव बघायला आलं.

"शेळ्यांना सिंहासन!" चेअरमन म्हणाला. "आता मुकुट कधी?"

"तुमचा उतरला की पाठवा," ही म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

ती गेली त्या दिवशी गोठ्यात शेळ्या ओरडत होत्या. सकाळची धार राहिली होती. अंगणात सोशिकपणावर इतकं बोलणं चाललं होतं की कास तटतटलेल्या शेळ्यांचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मी उठून मागे गेलो, तर वहिनीची सून ओट्यापाशी उभी. टाचा उचलून धार काढत होती आणि रडत होती.

मी हाक मारली. तिने मान वळवली नाही, ती सगळीच्या सगळी वळली. असं वळणं मी बरीच वर्षं घरात बघितलंय.

"कधीपासून गं?"

"लग्नाच्या आधीपासून, काका. सकाळी उठताच येत नाही. नको वाटतं सगळं. सासूबाई म्हणतात, काकूंनी कधी तोंड उघडलं नाही, तुम्हीच कशा नाजूक?"

मी अंगणात परत आलो आणि उभ्यानेच बोललो.

"ती रडायची. रोज रडायची. मला शिव्या द्यायची, देवाला द्यायची, आणि वहिनी, तुम्हालाही द्यायची. मनाच्या गोळ्या घ्यायची आणि त्यांनी तिला बरं वाटायचं."

मग चेअरमन शेजारच्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दुःखाने डोक्यावर परिणाम झालाय. पाणी द्या त्याला."

मला बरं वाटलं. मनालाही आजार होतो हे आमच्या गावात पहिल्यांदाच कुणीतरी कबूल केलं होतं.

पुढच्या गुरुवारी मी आणि सुनेचा नवरा तिला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यातही पाठवलं. आता पाठीचं आणि मनाचं दोन्ही औषध सुरू आहे. वहिनीला सगळ्या गोळ्या पाठीच्या म्हणून सांगितल्यात. त्या गोळ्या ती सुनेला स्वतःच्या हाताने आणून देते.

सून सकाळी आमच्याकडे धारेला येते. तेवढंच अंग सुटतं, म्हणते. पण ती उंचीने कमी आहे, ओटा तिला उंच पडतो. विटांचा वरचा थर काढायला हवा. छिन्नी-हातोडा घेऊन मी गेलोही होतो. ओटा हिच्या मापाने बांधलेला आहे.

थर अजून काढलेला नाही.