जोडावरचा नंबर

चोर आपली ओळख मागे ठोकून जातो, असं मी वकिलीत कधी पाहिलं नव्हतं. माझ्या भाऊजींनी ते करून दाखवलं.

भाऊजी तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डर. तिथली रीत अशी, की जोड झाला की शेजारी आपला नंबर ठोकायचा. बिननंबरी जोड कापून टाकतात. त्याच लाइनला कुणीतरी चोरून तोटी जोडली, तेल पळवलं आणि टोळी पसार झाली. तोटीच्या जोडावर नंबर मात्र भाऊजींचा.

"अहो, चोरीच्या जोडावर कशाला ठोकलात?" कोठडीत मी विचारलं. राग होताच, पण खरं सांगतो, कुतूहल जास्त होतं.

"सवय. जोड झाला, हात आपोआप गेला."

"आणि मुळात केलात कशाला?"

"वाहत्या लाइनला जोड मारणं तुला जमायचं नाही, असं ते टोळीवाले मला म्हणाले."

धन्य! या चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, जोड मारणाऱ्यालाही. ताईने मला बजावलं होतं, "काहीही कर, पण यांना घरी आण."

माझा बचाव सरळ होता. नंबर काय, कुणीही ठोकेल. जोड यांचा नाहीच. कंपनीचा तपासनीस साक्षीला आला. भाऊजींबरोबर त्याने उमेदीची वर्षं काढलेली. मी विचारलं, "हा जोड आरोपीच्या हातचा वाटतो?"

त्याने फोटो डोळ्यांजवळ धरला. "छे. कच्चं काम आहे. शिकाऊ माणसाचं."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"कच्चं?" आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला. मी डोळे वटारले. पण भाऊजी कसले ऐकतात! "साहेब, दाब लावून बघा. एक थेंब गळला तर फाशी द्या."

"तुम्हाला काय त्याचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

मागे बसलेल्या ताईकडे न बघता भाऊजी म्हणाले, "माझा आहे."

बाहेर व्हरांड्यात तपासनीस भेटला. जोड खरंच कच्चा होता का, हे विचारल्यावाचून मला राहवेना.

"कच्चा?" तो माझ्यावरच खेकसला. "असा जोड जन्मात पाहिला नाही मी. शपथेवर खोटं बोललो त्या गाढवासाठी. एवढंही कळू नये त्याला?"

"कळलं असतं तरी बोललेच असते ते," मागून ताई म्हणाली आणि रडायला लागली.