दादाची बादली

दादाने आयुष्यभर काच फुंकली, आणि घरात त्याच्या हातचा एक पेला नाही. हसावं की रडावं? चांगलं उतरलेलं विकलं जायचं. वाकडं निघालं की भंगाराच्या बादलीत, तिथून परत भट्टीत. "काचेचा कण बाहेर जाता कामा नये," हा त्याचा हेका. बादली भरल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही, उगाच गॅस जाळायचा नाही. मी धाकटी बहीण, त्याच्याच हाताखाली शिकले. यावरून आमचं कितीदा वाजलं. आता हेकेखोर गेला, आणि वहिनी कपाटं उपसत बसली.

"त्यांच्या हातचं एक तरी काही असेल गं?"

नव्हतं. फक्त बादली होती, काठोकाठ भरलेली. आजारपणात थरथरत्या हातांनी केलेलं सगळं तिच्यात होतं.

"चला वहिनी, हेच वितळवू. तुमच्यासाठी पेला करते."

एकेक तुकडा हातात घेऊन बघायचा धीर मला झाला नाही. बादली तशीच भट्टीत उपडी केली.

पहिली फुंक वहिनीची. गाल असे फुगले की दादाने तिला भोपळा म्हटलं असतं. आम्ही दोघी हसलो. पेला सुरेख उतरला. अंगात तपकिरी रेघा कुठून आल्या, कळेना. हळूहळू निवायला भट्टीशेजारच्या ऊबदार पेटीत ठेवला.

सकाळी पेटी उघडली. पेला उभा तडकलेला. हात लावताच दोन तुकडे झाले.

"वेगळ्या जातीची काच मिसळली की असं होतं," मी म्हटलं. "बादलीत दुसरं काही पडलं होतं का?"

वहिनीचा चेहरा उतरला.

"त्यांच्या औषधाच्या बाटल्या. धुऊन, फोडून टाकायचे मी. कण बाहेर जाऊ द्यायचा नाही, म्हणायचे ना? वाटलं, त्यांना बरं वाटेल."

तिच्यावर कसली रागावणार? त्याच्यावर मात्र संताप आला. नियम सांगितलास, मग तो पुरा तरी सांगायचास!

"उरलेल्या काचेचा दुसरा होईल ना?"

"नाही वहिनी. सगळ्यात तेच मिसळलंय. जे करू ते तडकेल."

तिने दोन्ही तुकडे उचलले, बादलीकडे पाहिलं.

"मग यात टाकू?"

दादा 'टाक' म्हणाला असता.

"नको," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

वहिनी तुकडे एकमेकांना लावून तशीच उभी राहिली. हातातून ते काही सोडेना.